जिंजी एक दिवसाची सहल: अभिप्रायाला मालकाचे उत्तर

नमस्कार सर. जिंजी किल्ल्यातल्या राजगिरी टेकडीचा माथा न बघता परतावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. डब्यातला भात गार होता, तेही खरं. पण ‘गाइडलाच चढायचं नव्हतं, अर्धा गड दाखवून पूर्ण पैसे घेतले’ हे वाक्य लागलं. तुमचा एक तारा वाचून पुढची मंडळी फोन करून विचारताहेत, म्हणून लिहितो.

पुदुच्चेरीहून सकाळी ६ ला निघायचं, हे बुकिंगच्या मेसेजमध्ये दोनदा होतं. ते हौसेखातर नाही. तिंडिवनममार्गे सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे पावणेदोन तास. जिंजीत इडली खायची (बसच्या पाटीवर ‘सेंजी’ असतं, जुन्या मराठी कागदांत ‘चंदी’) आणि दार उघडताच आधी राजगिरी चढायची. कल्याण महाल, कोठारं, वेंकटरमणाचं देऊळ खाली सपाटीला आहे. ते दुपारी निवांत बघून होतं. आपण हॉटेलचा नाश्ता उरकून पावणेदहाला गाडीत बसलात. साडेअकराला पोहोचून कल्याण महालात फोटोंना पाऊण तास गेला. चढाई सुरू झाली सव्वाबाराला! पायथ्यापासून जवळजवळ २४० मीटर चढ, तापलेला ग्रॅनाइट, कमीजास्त उंचीच्या पायऱ्या, वर पाणी नाही, माकडं पिशव्या ओढतात. वहिनींना गरगरायला लागलं तेव्हा गाइडने सगळ्यांना परत फिरवलं. वर कुणी पडलं तर गाडी तिथवर येत नाही, उचलून खाली आणावं लागतं. आपल्या अभिप्रायात वहिनींचा उल्लेखच नाही.

चुटपुट आम्हालाही आहे, कारण बघण्यासारखं ते वरच. माथ्याच्या अलीकडे कड्यात खोल फट आहे, ती पुलावरून ओलांडायची. पूल काढला की मूठभर माणसं दार धरून ठेवतील. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये हा किल्ला घेतला, म्हणून पुढे राजाराम महाराजांना इथे आसरा मिळाला. मुघल सरदार झुल्फिकारखान १६९० पासून वेढा घालून होता. १६९८ मध्ये किल्ला पडला, त्याआधीच महाराज निसटले होते. गाइडने हेच खाली उभं राहून सांगितलं, त्याला आपण ‘इतिहासाची टेप’ म्हणालात.

असो. वेळेचं यापुढे आणखी स्पष्ट सांगू, डब्याचंही बघतो. पुन्हा आलात तर गाइडचे पैसे घेणार नाही. फक्त सकाळी ६, आणि पायात बूट.