‘फर्मवेअर बदला, कमाई दुप्पट’: खान्देशात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव, भुसावळ, धुळे, शहाद्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. भंगारभावात मिळणारा जुना अँटमायनर एस९, म्हणजे बिटकॉइन कमावणारं (मायनिंगचं) मशीन, घ्या, ते बनवणाऱ्या कंपनीचं फर्मवेअर (मशीन चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) काढून दुसरं फुकटचं टाका, तेवढ्याच विजेत हॅशरेट, म्हणजे आकडेमोडीचा वेग, दुप्पट होईल. उन्हाळ्यात मशीन बंद पडायला लागलं तर तापमानाची मर्यादा सेटिंगमधून काढून टाका. आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर लावलात तर मिळेल तो सगळा नफाच. पर्यायी फर्मवेअर ही चांगली गोष्ट आहे असं माझं ठाम मत आहे, म्हणूनच तिच्या नावावर हे खपवलं जातंय त्याचा राग येतो.

आधी ‘तेवढ्याच विजेत दुप्पट’. एस९ मध्ये तीन हॅशबोर्ड (आकडेमोड करणाऱ्या चिपांच्या पाट्या), प्रत्येकावर ६३ चिप, एकूण १८९. कंपनीच्या सेटिंगवर साधारण १३.५ टेराहॅश (सेकंदाला १३.५ लाख कोटी आकडेमोडी) आणि सुमारे १३५० वॅट. चिपला लागणारी वीज फ्रिक्वेन्सी वाढेल त्या प्रमाणात वाढते, व्होल्टेजच्या बाबतीत मात्र त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. फ्रिक्वेन्सी २० टक्के वाढवायची तर व्होल्टेजही चढवावं लागतं. ते १० टक्के चढवलं तर हॅशरेट २० टक्क्यांनी वाढतो आणि वीज ४५ टक्क्यांनी. उलट दोन्ही १० टक्के उतरवा: हॅशरेट १० टक्के जातो, वीज २७ टक्के वाचते. ब्रेन्स ओएस, व्हीनिश, लक्सओएस या पर्यायी फर्मवेअरची खरी करामत या उतरवण्यात आहे. कारखान्यातून आलेल्या चिपा एकसारख्या नसतात. एखादी कमी व्होल्टेजवर बिनचूक चालते, शेजारची चुका करते. कंपनीचं फर्मवेअर बहुतेक सगळ्यांना एकाच मापाने हाकतं. पर्यायी फर्मवेअरमधलं ऑटोट्यूनिंग काही तास घेऊन प्रत्येक चिपची झेप मोजतं आणि तिला झेपेल तेवढीच फ्रिक्वेन्सी देतं. याने एस९ टेराहॅशमागे १०० वॅटवरून ८० वॅटच्या आसपास येऊ शकतो. ही मोठी बचत आहे, पण दुप्पट कुठेच नाही.

‘फुकटची वाढ’ ही समजूत कुठून आली असावी, तेही सांगतो. असिकबूस्ट नावाची गणिताची युक्ती एस९ च्या चिपमध्ये होती, पण कंपनीच्या फर्मवेअरने ती ऑक्टोबर २०१८ पर्यंत ग्राहकांना उघडी केली नव्हती. त्याआधी पर्यायी फर्मवेअर टाकणाऱ्याला सुमारे १३ टक्के वीजबचत खरोखर आयती मिळाली. पुढे कंपनीनेच ती दिली आणि तो फायदा संपला. मेसेजसोबतचा स्क्रीनशॉट पाहा: मशीनच्या पानावरचा, चालू केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतला आकडा. पैसे त्या आकड्याचे मिळत नाहीत; अनेक मशीनचं काम एकत्र करून कमाई वाटणारा जो पूल असतो, त्याने स्वीकारलेल्या शेअरचे, म्हणजे केलेल्या कामाच्या पुराव्यांचे मिळतात. पूलवरची २४ तासांची सरासरी मागा, मग बोला.

तापमानाचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. एस९ ची कंपनीने दिलेली कमाल मर्यादा भोवतालचे ४० अंश. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत पंख्याच्या तोंडाशी येणारी हवा त्याहून तापलेली असते. चिप तापली की तिच्यातून गळणारा करंट वाढतो, त्याने ती आणखी तापते. दिवाळीनंतरच्या थंडीत केलेलं ट्यूनिंग म्हणून अक्षय्य तृतीयेला टिकत नाही. चुका वाढतात, बोर्ड बंद पडतात. अशा वेळी मशीन स्वतःला बंद करतं ते वाचण्यासाठी. ती मर्यादा काढली की आधी एखादी चिप जाते, आणि चिपा एका साखळीत बोलत असल्यामुळे बहुधा ६३ चिपांचा अख्खा बोर्डच दिसेनासा होतो. दुरुस्तीच्या टेबलावर असे बोर्ड येतात तेव्हा हीटसिंकच्या फटीत कपाशीचा भुगा गच्च बसलेला असतो, विशेषतः जिनिंगच्या आसपासच्या मशीनमध्ये. त्यात कोणी वाळ्याचा कूलर समोर लावलेला असेल तर ओलावा आणि धूळ मिळून चिपांचे पाय गंजवतात. खान्देशात उन्हाळ्याची सेटिंग वेगळी हवी: मार्च संपता संपता पॉवर टार्गेट (मशीनने किती वॅट घ्यायचे ती सेटिंग) खाली आणा, ट्यूनिंग दुपारी करा, वरचेवर ब्लोअर मारा. पहाटेची सेटिंग दुपारवर लादू नका.

‘फुकट’ हेही अर्धवट. नावाजलेली फर्मवेअर बहुधा दोन-तीन टक्के वेळ मशीन स्वतःच्या पूलवर चालवतात. तीच त्यांची फी, आणि ती उघड सांगितलेली असते. तेवढी वाचवायला टेलिग्रामवरची ‘क्रॅक’ फाइल टाकणारे जास्त गमावतात, कारण त्या फाइलमध्ये कमाई जमा व्हायला कोणाच्या बिटकॉइन खात्याचा पत्ता घातलाय हे कळायला मार्ग नसतो. कंपनीचंच फर्मवेअर पवित्र, असंही नाही. एप्रिल २०१७ मध्ये अँटब्लीड नावाचं चोरदार उघडकीला आलं: अँटमायनर एका ठरावीक सर्व्हरला परवानगी विचारत होता आणि तिथून त्याला थांबवता येत होतं. म्हणून मला तपासता येणारं फर्मवेअर हवं. ते बनवणाऱ्याच्या अधिकृत ठिकाणावरूनच घ्या, आपल्या कंट्रोल बोर्डाचा (फर्मवेअर ज्यावर चालतं त्या पाटीचा) प्रकार बघून घ्या, आणि मशीन वॉरंटीत असेल तर ती जाईल हे गृहीत धरा.

आता कमाई. एप्रिल २०२४ च्या हाविंगनंतर (मायनिंगचं बक्षीस निम्मं होतं ते) व्यवहारांच्या एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन, जगभरच्या मायनरना मिळून दिवसाला साधारण ४५०. २०२५ मध्ये नेटवर्कचा, म्हणजे जगभरच्या सगळ्या मशीनचा मिळून, हॅशरेट १००० एक्साहॅशच्या (१०० कोटी टेराहॅशच्या) आसपास पोचला. त्यात १३.५ टेराहॅशचा वाटा दिवसाला सुमारे ६०० सातोशी (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग). एका बिटकॉइनचा भाव एक कोटी धरला तरी ६० रुपये. ट्यून केलेला एस९ दिवसाला २६ युनिट खातो. आठ रुपये युनिट म्हटलं तर २०८ रुपये, आणि महिन्याला ७८० युनिट गेल्यावर घरगुती मीटरचा स्लॅब कुठे जातो ते बिल सांगेल. शिवाय २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगचा पायाभूत खर्च त्यातून वजा होत नाही असं सरकारने तेव्हाच संसदेत सांगितलंय. म्हणजे विजेत तोटा झाला तरी कर लागणारच. नव्या एस२१ ला टेराहॅशमागे १७.५ वॅट लागतात. ८० वॅटचा एस९ कोणत्याही फर्मवेअरने त्याच्याशी स्पर्धा करणार नाही.

राहिली शेतीपंपाची वीज. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे ती पाणी उपसायला. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. त्यातही शेतीची थ्री-फेज ठरावीक तासच येते, व्होल्टेज खालीवर होतं, आणि मायनरच्या पॉवर सप्लायला २०० व्होल्टच्या वरची स्थिर वीज लागते. चार-सहा मशीन म्हणजे दिवसरात्रीचा पाच ते आठ किलोवॅटचा भार, तोही आधीच दमलेल्या डीपीवर. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या रावेर-यावलच्या भावांना माझं थेट सांगणं आहे: मे महिन्यात डीपी जळाला तर तो बदलून येईपर्यंत तुमच्याच नाही, त्या डीपीवरच्या प्रत्येकाच्या केळीचं ठिबक बंद राहील.