म्हणजे बाँडरायटर का?

गेल्या महिन्यात आमच्या एका सरांना घेऊन तहसीलला गेलो होतो, उत्पन्नाचा दाखला काढायला. सरांचं नाव लिहित नाही, का ते पुढं कळेलच. वय ७४, अकरा पुस्तकं, त्यातल्या दोनांना बऱ्यापैकी मानाचे पुरस्कार, भाषांतरं वेगळीच. खिडकीतल्या पोरानं विचारलं, काका व्यवसाय काय लिहू? सर म्हणाले लेखक. तो म्हणाला, म्हणजे बाँडरायटर का, बाहेर झाडाखाली बसता ते? सर हसले, म्हणाले नाही रे बाबा, पुस्तकं लिहितो. त्यानं स्क्रीनवर वरखाली शोधलं आणि शेवटी 'इतर' टाकून मोकळा झाला. त्याला दोष नाही देत मी, पोरगा बोलायला चांगला होता, सरांना खुर्चीही दिली. पण चाळीस वर्षं लिहून शेवटी माणूस 'इतर' मध्ये जातो हे काही डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, आधीच सांगतो.

दाखला कशाला, तर राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. पन्नासच्या दशकापासून चालू आहे, आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलंय. आधी त्यात अ, ब, क असे वर्ग होते, राष्ट्रीय पातळीवरचा असाल तर महिन्याला ३१५०, राज्याचा असाल तर २७००, जिल्ह्याचा असाल तर २२५०. (म्हणजे तुमची कविता जिल्ह्याची हद्द ओलांडून गेली तर साडेचारशे रुपये जास्त!) २०२४ मध्ये हे वर्ग काढून सगळ्यांना सरसकट ५००० केले. हे चांगलं केलं, मनापासून सांगतो. मानधन घेणारा गेला तर मागं राहिलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला ते चालू राहतं, हेही चांगलं आहे. योजनाच नाही असं रडगाणं मी गाणार नाही. केंद्राचीही आहे एक, साठीच्या पुढच्यांना महिन्याला ६००० पर्यंत देणारी.

माझं दुखणं वेगळंय. राज्याच्या योजनेत वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत पाहिजे. म्हणजे महिन्याला ५००० च्या वर मिळत असतील तर तुम्ही गरजू नाही. आता ७४ व्या वर्षी बीपी शुगरच्या गोळ्या, एखादी अँजिओग्राफी आणि घरभाडं धरून बघा. मग तहसीलदाराचा दाखला, रहिवासी दाखला, प्रतिज्ञापत्र, साहित्यिक असल्याचे पुरावे, सगळं घेऊन फाईल जिल्ह्याच्या समितीपुढं. जिल्ह्यात वर्षाला निवडणार शंभर, आणि त्यात लोककलावंत, भजनी मंडळी, वादक, शाहीर सगळे आले. त्यांचा हक्क कुणापेक्षा कमी नाहीच, उलट तमाशातल्या बायकांचे हाल लेखकांपेक्षा कितीतरी वाईट आहेत. पण रांग किती मोठी आहे ते कळावं म्हणून सांगितलं.

आणि हो, नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. बहुतेक त्या मागं राहणाऱ्याला पुढं पैसे द्यायचे असतात म्हणूनच असेल, कारण रास्त आहे. पण सर म्हणाले आमचा एकत्र फोटो लग्नातलाच आहे. स्टुडिओत चला म्हटलं तर काकू म्हणाल्या, गरीब आहोत याचा फोटो काढायला मी येणार नाही, तुम्ही दोघं जा. त्यावर मी काय बोलणार.

काकूंचं ते वाक्य हीच खरी माझी पोस्ट आहे. अडचणीतल्या लेखकाला मदत करायची तर त्याला आधी सगळ्यांसमोर गरीब म्हणून उभं करायचं, ही पद्धत मला पटत नाही. सरकारी फॉर्मपेक्षाही वाईट म्हणजे आपलं व्हॉट्सॅप. दर दोनचार महिन्यांनी एक मेसेज फिरतो, अमुक ज्येष्ठ कवी हॉस्पिटलमध्ये, खाली फोनपे नंबर आणि सोबत नाकात नळी घातलेला फोटो. लोक पैसे टाकतात, मीही टाकतो, भावना चांगलीच असते. पण त्या माणसाला बरा होऊन परत त्याच लोकांसमोर स्टेजवर बसायचंय ना. फोटो टाकताना त्याला कुणी विचारलं होतं का? आता कळलं ना सरांचं नाव का नाही लिहिलं.

इंग्लंडात एक रॉयल लिटररी फंड आहे. १७९० ला सुरू झाला, म्हणजे इकडं पेशवाई चालू होती तेव्हा. त्याची सुरुवात एका भाषांतरकारापासून झाली. फ्लॉयर सिडनहॅम नावाचा म्हातारा, प्लेटोचं इंग्रजी भाषांतर करणारा, कर्जापायी तुरुंगात गेला आणि त्यातच मेला. ते बघून डेव्हिड विल्यम्स नावाच्या माणसानं फंड उभा केला. (भाषांतरकारांचे हाल तेव्हाही तेच आणि आताही तेच. सरांना एका चारशे पानी भाषांतराचे एकरकमी पैसे देऊन विषय मिटवलेला, पुढं त्याच्या किती आवृत्त्या निघाल्या तरी सरांना त्यातलं काही नाही.) तर या फंडानं कोलरिजला मदत केली, जोसेफ कॉनरॅडला केली, १९१५ मध्ये जेम्स जॉइसला ७५ पौंड दिले. त्यांची पद्धत मला फार आवडते. तुमचं लेखन बघतात, अडचण बघतात आणि गुपचूप पैसे देतात. फोटो नाही, शाल नाही, श्रीफळ नाही, मंत्र्याच्या हस्ते चेक नाही.

आणि त्या फंडात पैसा कुठून आला ते ऐका. माझ्या पुतणीच्या डब्यावर ते पिवळं अस्वल आहे ना, विनी द पूह, त्याचे लेखक मिल्न यांनी मृत्युपत्रात आपल्या रॉयल्टीचा एक वाटा या फंडाला दिला. २००१ मध्ये डिस्नेनं ते हक्क विकत घेतले तेव्हा फंडाला मोठी रक्कम मिळाली. ज्याचं चाललं त्यानं ज्याचं चाललं नाही त्याच्यासाठी ठेवून दिलं. आपल्याकडंही धो धो खपलेले लेखक झाले, आहेत. कुणाला पटलं तर बघा.

दुसरी गोष्ट तर मदतही नाही, हक्कच म्हणा. बाहेरच्या काही देशांत लायब्ररीतून तुमचं पुस्तक कुणी वाचायला नेलं की लेखकाला त्याचे थोडे पैसे मिळतात. डेन्मार्कनं १९४६ ला हे चालू केलं, इंग्लंडात १९७९ ला कायदा झाला. एका वेळचे काही पेन्सच मिळतात, पण जमत जातात, आणि एका लेखकाला वर्षाला ६६०० पौंडांच्या वर देत नाहीत म्हणजे बेस्टसेलरवालाच सगळं घेऊन जात नाही. आपल्याकडं १९६७ पासून ग्रंथालय कायदा आहे, गावोगावी अनुदानावर चालणाऱ्या हजारो लायब्रऱ्या आहेत. आमच्या गावच्या लायब्ररीत सरांच्या एका कादंबरीला तीनदा बाइंडिंग केलंय इतकी ती फिरली. सरांना त्यातून मिळालं काय, तर एका प्रतीची रॉयल्टी, तीही प्रकाशकानं हिशोब दिला असेल तर. पाचशेची आवृत्ती, किंमत २५०, दहा टक्के धरा, सगळी संपली तरी साडेबारा हजार. दोन वर्षांच्या कामाचे!

इथं कुणीतरी म्हणणारच की लिहून पोट भरत नाही तर नोकरी करायची होती. केली ना बहुतेकांनी. मराठी साहित्य प्राध्यापक, बँकवाले आणि सरकारी नोकर यांच्या पगारावर उभं आहे हे खरंच आहे. पण म्हणूनच ते बऱ्यापैकी त्यांच्याबद्दलच आहे की. ज्यांना ती नोकरी मिळाली नाही त्यांनी लिहिलं तेव्हा काय झालं ते अण्णाभाऊंमुळं आपल्याला माहितीय. दीड दिवसाची शाळा, चिरागनगरची झोपडी आणि त्यातून ते सगळं लेखन. १८ जुलै १९६९ ला गेले, हलाखीत, एकोणपन्नासावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. २००२ ला टपाल तिकीट काढलं, २०२२ ला मॉस्कोत पुतळा झाला. मला त्या पुतळ्याचा अभिमानच वाटतो, पण ते जिवंत असताना महिन्याचं रेशन कुणी भरत होतं का हा प्रश्न काही जात नाही. पठ्ठे बापूरावांचंही तेच, अख्खा महाराष्ट्र ज्यांच्या लावण्यांवर डोलला ते १९४५ ला पुण्यात गरिबीत गेले.

पैसा नाही असं म्हणू नका. साहित्य संमेलनाचं सरकारी अनुदान ५० लाखांवरून २ कोटी झालं. मी संमेलनाला जाणारा माणूस आहे, पुस्तकांच्या स्टॉलवर खिसा रिकामा करून येतो, त्यामुळं बंद करा म्हणत नाही. पण २ कोटी भागिले साठ हजार करून बघितलं. तीनशे तेहतीस जणांचं वर्षभराचं मानधन.

बरं, काल सरांचा फोन आलेला. फॉर्मचं विचारलं तर म्हणाले फोटोवर अडलंय, ही काही ऐकत नाही, राहू दे ते. फोन वेगळ्याच कामासाठी होता. दिवाळी अंकाला कथा द्यायचीय, हात थरथरतो म्हणून टाईप करून देशील का. देतो म्हटलं. मानधन किती देतात हो सर? तर म्हणाले, अंक पाठवतात ना, दोन.