नकाशा पाठवला होता तिने

सत्तरीची बाई. अख्ख्या सिचुआनचा नकाशा तयार करते, कुठल्या तेरा खिंडी अडवल्या तर बंडखोर आत घुसणार नाहीत ते मांडते आणि गव्हर्नरकडे पाठवते, की मला अजून माणसं द्या. साहेब ढिम्म. मग तोच नकाशा दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. तो म्हणतो पटलं, पण द्यायला सैनिकच नाहीत. 1644 मध्ये बंडखोरांचा म्होरक्या चांग श्येनचोंगने सिचुआनची राजधानी चेंगडू घेतली.

ही छिन ल्यांगयू, चीनच्या मिंग राजवटीतली सेनापती, जन्म 1574 चा. (सिचुआन म्हणजे तेच हो, ज्याचं शेजवान करून आपण चटणीच्या बाटलीवर चिकटवलं.) चीनमधली लढवय्यी बाई म्हटलं की सगळ्यांना मुलान आठवते, पण मुलान लोकगीतातली, पुरुषाचा वेश घेऊन लढणारी. हिने वेशबिश काही घेतला नाही. नवरा मा छ्येनछंग, शिजू नावाच्या डोंगराळ भागाचा वंशपरंपरागत सरदार. 1600 साली बोचौ भागातलं बंड मोडायला सरकारच्या बाजूने नवरा 3000 माणसं घेऊन आणि ही स्वतःची वेगळी 500 घेऊन गेली. नवीन वर्ष लागलेलं, सरकारी फौज मेजवानीत दंग, रात्री शत्रू चालून आला, आणि पहिला तडाखा या नवराबायकोने दिला, मग पाठलाग करत सात गढ्या घेतल्या. बंड मोडल्यावर हिने बक्षिसासाठी तोंडसुद्धा उघडलं नाही.

तिच्या फौजेचं नाव ‘पांढऱ्या काठीवाले’. पांढऱ्या लाकडाचा भाला, वर आकडा आणि खाली कडं. एकाचा आकडा दुसऱ्याच्या कड्यात अडकवायचा आणि कडा चढायचा. डोंगरात राहणाऱ्या माणसालाच सुचेल असली गोष्ट.

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. 1613 मध्ये याच सरकारने कुणाच्या तरी तक्रारीवरून तिच्या नवऱ्याला तुरुंगात टाकलं आणि तो तिथेच मेला. मुलगा लहान, म्हणून सरदारकी हिच्याकडे आली. (कमेंटमध्ये ‘चीनची झाशीची राणी’ लिहू नका प्लीज, ही 200 वर्षं आधीची आहे. जुळवायचंच तर ताराराणी जवळची.) तरी ही त्याच सरकारसाठी लढत राहिली. 1621 मध्ये उत्तरेकडून चालून येणाऱ्या मांचूंशी लढताना भाऊ पडला, तर ही 3000 निवडक माणसं घेऊन स्वतः उत्तरेला गेली. त्याच वर्षी बंड केलेल्या शे चोंगमिंग या सरदाराने चोंगकिंग शहर घेतलं आणि हिला फितवायला सोनं आणि रेशीम पाठवलं, हिने ते आणणाऱ्यालाच मारून टाकलं. लोक याला निष्ठा म्हणतात. असेल. मला वाटतं त्यात हिशेबही होता, सरकार कोसळलं तर शिजूसारख्या छोट्या जहागिरीला कोण विचारणार.

1630 च्या सुमारास मांचू थेट बीजिंगच्या दारात आले तेव्हा ही घरचे पैसे घालून सैन्य घेऊन गेली. सम्राट छोंगचनने तिला भेटीला बोलावलं आणि चार कविता लिहिल्या. एकीचा अर्थ साधारण असा, की जगात पराक्रमी पुरुष किती, पण हजारो मैल चालून रणांगणावर जायला तयार कोण? म्हणजे पैसे हिचे, माणसं हिची, मेले ते हिचे, आणि बदल्यात कविता, त्यातही पुरुषांना टोमणा. हे असलं कौतुक माझ्या डोक्यात जातं. बाईची स्तुती करायची ती पुरुषांना लाज वाटावी म्हणून, तिचं म्हणणं ऐकायचं मात्र नाही.

कारण 1640 चं बघा, सिचुआनात बंडखोरांशी लढाई चालू होती. ही 66 वर्षांची. वरिष्ठांनी सैन्य चुकीच्या जागी विखरून ठेवलंय हे तिने आधीच सांगितलं होतं. ऐकलं नाही. तसंच झालं, हिचे जवळजवळ 30,000 सैनिक गेले. तरी परत उभी राहिली, म्हणाली माझ्या डोंगरातून अजून 20,000 काढते, निम्म्यांना मी पोसते, निम्म्यांना तुम्ही पोसा. गव्हर्नरने कोठारात धान्य नाही बघून नको म्हटलं.

आणि मग तो नकाशा.

चांग श्येनचोंगने जवळपास सगळं सिचुआन घेतलं, शिजूला मात्र हात लावला नाही. 1648 मध्ये ती गेली. पुढे मिंगांचा अधिकृत इतिहास लिहिला तो छिंगांनी, म्हणजे ज्या मांचूंशी ती लढली त्यांच्याच राजवटीने, 1739 मध्ये पुरा केला. त्यात तिला सती-पतिव्रतांच्या प्रकरणात नाही, सेनापतींच्या रांगेत बसवलंय. आणि नकाशा नाकारल्याचं त्यांनी गाळलेलं नाही.