ओल्या इंधनाचा हिशेब

कागद गिरणीत लाकडाच्या चिपांवर वीजनिर्मिती करण्याविषयी मी वाचलेल्या एका लेखात टर्बाइनची (वाफेच्या जोरावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची) चर्चा सविस्तर आहे. इंधनातील ओलावा मात्र एका ओळीत उरकला आहे. सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या बॉयलरवर काम करताना, पावसात भिजलेला बगॅस (उसाचा रस काढून उरलेला चोथा) भट्टीत पडताच वाफेच्या दाबाचा काटा कसा खाली येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. ताज्या लाकडातही वजनाच्या जवळपास निम्मे पाणीच असते आणि त्याची वाफ करण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते. कागद गिरणीची खरी जमेची बाजू अशी, की टर्बाइनमधून निघणारी कमी दाबाची वाफ कागद वाळवण्यास वापरता येते, शिवाय लाकूड रसायनांत शिजवून लगदा केल्यावर उरलेला काळा द्रव जाळून उष्णतेबरोबर रसायनेही परत मिळवता येतात (लेखात याचा उल्लेखच नाही). आमच्याकडे साखर कारखान्यात मात्र उसाचे गाळप थांबले की बगॅसची आवकही थांबते.