यांना काही कळतं का म्हणे

आज आप्पांना घेऊन बँकेत गेले होते, हयातीचा दाखला द्यायला. नोव्हेंबर, म्हणजे अख्ख्या नौपाड्याचे पेन्शनर तिथेच. काउंटरवरच्या मुलाने काहीतरी विचारलं, आप्पा म्हणाले "नंतर, नंतर", तर तो माझ्याकडे वळून विचारतो, "यांना काही कळतं का?" त्यांच्या तोंडावर! दाखला हयातीचा आणि माणूस जणू गेलेलाच.

दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला, तेव्हापासून "नंतर" एवढाच शब्द उरलाय. अफेजिया म्हणतात. पॅरिसच्या ब्रोका डॉक्टरांचा १८६१ सालचा एक पेशंट असाच फक्त "टॅन" म्हणायचा, शेवटी लोक त्यालाच टॅन म्हणायला लागले. (बिल्डिंगमधल्या पोरांनी आप्पांना काय नाव ठेवलंय मला माहितीये, असो.)

पण हाच माणूस मेंढीकोटला बसतो! गेल्या दिवाळीत मी बदामची मेंढी, म्हणजे दश्शी, टाकायला गेले तर डाव्या हाताने माझं मनगट धरलं, नंतर! नंतर! एक्का अजून पडलाच नव्हता. कुठली पानं गेली, कोणाकडे काय असेल, सगळं डोक्यात पक्कं. जोडीदाराला असं अडवणं म्हणजे चीटिंग, समोरचे काका ओरडले पण, बरोबरच होतं त्यांचं.

आपण दिवसभर मनातल्या मनात बडबडतो ना, म्हणून ती बडबड म्हणजेच विचार वाटतो आपल्याला. एमआयटीच्या एव्हेलिना फेडोरेंको यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून बघितलंय, गणित सोडवताना मेंदूतला भाषेचा भाग जवळपास गप्प असतो. अफेजियाच्या काही पेशंटना तर सिंहाने माणसाला मारलं की माणसाने सिंहाला हे वाक्यावरून कळत नाही, पण ५९ मधून १३ आणि १३ मधून ५९ ह्यात ते चुकत नाहीत. मग मेंढी कशाला चुकेल?

हो, टीव्हीवरच्या बातम्या भरभर गेल्या की आप्पांना लागत नाहीत, मान्य. म्हणून बावळट?

आणि त्या पोराला काय बोलू, सुरुवातीला कित्येक महिने मीच त्यांच्याशी ओरडून बोलायचे, जेवलात काऽऽ, बालवाडीतल्या मुलाशी बोलावं तसं. ते भिंतीकडे बघत बसायचे. त्या मेंढीनंतर बंद केलं मी ते. लाज वाटते अजून.

आत्ता हे टाईप करतेय तर आप्पा मघापासून खुर्चीचा हात आपटतायत, नंतर, नंतर. म्हटलं हो आप्पा, झालंच. परत नंतर, नंतर, जोरात.

गॅसवर दूध होतं.