खुलासा : तो फोटो पार्क स्टेडियमचा नाही

'आपल्या पार्क स्टेडियमचं नवं रूप, ५५ हजार आसनं, उघडझाप होणारं छत' असा मेसेज आणि घुमटाचा फोटो सोलापूरच्या ग्रुपांवर फिरतोय. फोटो खरा आहे, पण गाव चुकलंय. ते सिंगापूरच्या कलांग भागातलं नॅशनल स्टेडियम आहे, २०१४ साली सुरू झालेलं. फोटोत घुमटाला लागून दिसणारं पाणी काहींना सिद्धेश्वर तलाव वाटलं. तो तिथला कलांग बेसिन जलाशय आहे. मागच्या उंच इमारती पाहा, पार्क चौकात अशा कुठे आहेत?

मेसेजमधली वैशिष्ट्यंही तिथलीच. घुमटाचा व्यास सुमारे ३१० मीटर आहे. मला सगळ्यात भारी वाटते ती खालच्या आसनांची सोय. फुटबॉलला प्रेक्षक मैदानाला खेटून हवेत, अ‍ॅथलेटिक्सला मध्ये धावपट्टी हवी, क्रिकेटला तर भलं मोठं वर्तुळ. म्हणून खालचा टप्पा पुढे-मागे सरकतो. खेळ बदलला की मैदानाचा आकारच बदलतो. उकाड्यावर उपाय म्हणून आसनांखालून गार हवा सोडतात. (आपल्या एप्रिल-मेमध्ये ही कल्पना कुणाला आवडणार नाही!)

पार्क स्टेडियम, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियमचं स्मार्ट सिटी योजनेत नूतनीकरण झालं, तिथे रणजी सामनेही झाले. पण मैदान उघडंच आहे, घुमट नाही. खात्री करायची तर पार्क चौकातून एक चक्कर मारा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.