खुलासा : ‘कोत द्यु रोन’ ही उरलीसुरली भेसळ नव्हे

‘कोत द्यु रोन ही स्वस्त फ्रेंच रेड वाइन म्हणजे कुठल्याही गावची उरलेली वाइन एकत्र ओतून भरलेली बाटली’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि कष्टाने द्राक्षे पिकवणाऱ्यांवर अन्याय करणारा आहे.

या नावाला फ्रान्समध्ये 1937 पासून कायद्याचे संरक्षण आहे. द्राक्षे रोन नदीच्या खोऱ्यातल्या, व्हिएन ते आविन्यों या पट्ट्यातल्या ठरावीक गावांचीच लागतात. वाणही ठरलेले. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे, 1737 मध्येच राजाज्ञेने इथल्या पिंपांवर ‘सी.डी.आर.’ अशी (‘कोत द्यु रोन’ची फ्रेंच आद्याक्षरे) अक्षरे डागायला लावली होती, ती नक्कल रोखण्यासाठीच!

मिश्रण हे तर इथले खरे कौशल्य. दक्षिणेकडच्या कडक उन्हात ग्रेनाश ही द्राक्षाची जात छान पिकते, फळाची गोडी आणि मद्यार्क देते, पण रंगाला फिकी पडते. सिरा तिला गडद रंग आणि मिरीसारखा तिखटपणा देते, मूर्वेद्र अंगचा भक्कमपणा. शेजारच्या शातोनफ द्यु पाप या महागड्या वाइनमध्येही याच वाणांचे मिश्रण असते. त्याला कोणी भेसळ म्हणत नाही.

मग किंमत कमी का? क्षेत्र अफाट आहे, हेक्टरी उत्पादनाची मर्यादा शातोनफपेक्षा सैल आहे आणि बऱ्याच बाटल्या महागड्या ओकच्या पिंपात न मुरवता लवकर विक्रीला येतात.

दर्जा उत्पादकागणिक बदलतो, हे खरे. म्हणून बाटलीवर उत्पादकाचे नाव जरूर पाहा.